जोडीतला एक

सर्कशीत ते दोघे सख्खे भाऊ विदूषकाचं काम करत. थोरला मार खायचा, धाकटा मारायचा, आणि तंबूभर लोक पोट धरधरून हसायचे. एका दुपारच्या खेळात थोरला छातीवर हात दाबून मटकन भुशात बसला. रंगाच्या जाड थराआडून त्याचे डोळे काय मागत होते ते धाकट्याला तत्क्षणी कळलं. पण असा हशा आजवर कधी उसळला नव्हता, म्हणून त्यानं पाण्याची बादली उचलून भावाच्या डोक्यावर पालथी घातली आणि प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार केला. पडद्याआड नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"मला कळलंच नाही, वहिनी," तो म्हणाला.

सर्कशीचे कपडे शिवणारी थोरल्याची बायको उलट त्यालाच धीर देत म्हणाली, "तुमचा काय दोष, भाऊजी?"



पुढं तो एकटाच रिंगणात उतरू लागला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की तो नुसता उभा असतानाही लोक हसतात, आणि हसताना त्याच्याकडे नव्हे, त्याच्या जरा डावीकडे, खाली भुशाकडे बघतात. मॅनेजर खूश होता. "दोघांचं काम एकटा ओढतोयस की!" म्हणत त्यानं पाठ थोपटली. धाकट्याचं अन्न तुटलं. शेवटी न राहवून त्यानं वहिनीला गळ घातली, "एकदा समोर बसून खेळ बघा. लोक कशाला हसतात, तेवढं सांगा मला."

ती येऊन पहिल्या रांगेत बसली, आणि नवरा गेल्यापासून मिटलेले तिचे ओठ विलग झाले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. धाकटा त्या दिवशी मुद्दामच हात बांधून उभा होता.

खेळ सुटल्यावर, आता सगळं सांगून मोकळं व्हायचं असं मनाशी घट्ट ठरवून, तो तिच्या खोलीत गेला.

"त्या दिवशी मला सगळं—"

"बसा आधी," ती म्हणाली, आणि ओलं फडकं घेऊन त्याच्या तोंडावरचा रंग पुसू लागली. कानामागून, हनुवटीखालून, हलक्या, सवयीच्या हातानं. आजवर तिनं त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. रंगाचा शेवटचा ठिपकाही निघाला. त्याच्या स्वच्छ चेहऱ्याकडे ती अगदी जवळून, डोळे भरून बघत राहिली, आणि मग दाराकडे नजर टाकत सहज म्हणाली,

"भाऊजी कुठं राहिले हो?"