टिटवाळ्यापर्यंत चक्कर

गाडी दारात उभी राहिली तेव्हाच मला ती आवडली नाही. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण गुणाजी माझ्याकडे न बघता थेट माझ्या नवऱ्याशी बोलायला लागला.

गुणाजी म्हणजे कान्हाचा, माझ्या नवऱ्याचा, आतेभाऊ. गाड्यांची दलाली करतो. आमचं साध्या मॉडेलचं ठरलं होतं: छोटी जीप, पण घरच्यांसाठीची, चार दरवाज्यांची. त्याने आणली तिचीच ‘स्पोर्ट’ बहीण. पिवळीधमक, अंगावर काळे पट्टे, रुंद टायर, पुढे म्हैस अडवायला लावावा तसा जाड नळ्यांचा गार्ड.

“मागचे दरवाजे कुठे गेले?” मी विचारलं.

“स्पोर्ट आहे वहिनी. हिला दोनच असतात.”

“मग मागे बसायचं कसं?”

“पुढची सीट वाकवायची, आत जायचं. एकदम सोपं.”

“आणि बाहेर यायचं?”

तो हसला. “तसंच.”

कान्हाचा हात स्टिअरिंगवर होता. आमच्या मंजूच्या डोक्यावर इतक्या हळुवारपणे ठेवलेला तो हात मी कधी पाहिला नव्हता.

मला गाडी नको होती असं नाही. मंजू अडीच वर्षांची, आणि तिला तापात झटके येतात. डोळे फिरलेली पोर छातीशी धरून आमच्या कोलशेतच्या रस्त्यावर रिक्षाला हात करत मी उभी राहिलेली आहे. गाडीचा हट्ट माझाच होता. तिला उचलून पटकन आत शिरता यावं आणि दवाखान्याशी पटकन उतरता यावं, एवढंच मला गाडीकडून हवं होतं.

तेवढ्यात सासूबाई हातात ताट घेऊन बाहेर आल्या. हळद, कुंकू, लिंबू, नारळ.

“चक्कर मारायचीच हाय तर टिटवाल्याला जाव,” त्या म्हणाल्या. “गनपतीचं दर्शन होल.”

“बेस्ट, मामी,” गुणाजी म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

आमच्या घराची एक रीत आहे. नवी होडी पाण्यात लोटायच्या आधी घरच्या सवाष्णीने तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावायचं. एकदा लावलं की होडी घरची झाली. मग ती गळो, कलंडो, परत करायचं नाव काढायचं नाही. खाडीतली मासळी आटली, होड्या गेल्या. रीत राहिली, ती स्कूटरला लागली, मग कान्हाच्या टेम्पोला लागली. सासूबाई विधवा, तेव्हा कुंकू लावणारी मी एकटीच. सासूबाईंना रीत माहीत होती. गुणाजीला रीतीचा उपयोग माहीत होता. चक्कर म्हणून निघायचं आणि बॉनेटवर कुंकू घेऊन परत यायचं, असा हा बेत.

“भिवंडीवरून नको, मुंब्र्यावरून घे,” तो कान्हाला म्हणाला. “जरा पळवून बघ.”

कान्हा चालवायला, शेजारी गुणाजी. मागे मी, मंजू, सासूबाई आणि ताट.

पळवून बघितली. गाडी पळत होती, ते कबूल करते. पण खड्डा कान्हाच्या लक्षात यायच्या आधी आमच्या मणक्याला कळत होता. मागच्या काचा उघडत नव्हत्या, आणि इतक्या वर होत्या की मंजूला फक्त गुणाजीच्या डोक्याचं तेल दिसत होतं. गुणाजीने कॅसेट लावली.

“मागे दोन स्पीकर आहेत वहिनी. खास तुमच्यासाठी.”

एक मंजूच्या कानाशी होता. तिने दोन्ही हात कानावर ठेवले.

“आवाज कमी करा.”

“काय म्हणालात?”

कान्हा हसला. त्या हसण्याची नोंद मी मनात करून ठेवली.

शीळफाट्याला ट्रकांची रांग लागली. डिझेलचा धूर आत भरला आणि मंजू पांढरी पडली. तिला ओकारी आली, मग दुसरी आली, आणि तिचा श्वास अडकल्यासारखा आवाज झाला.

“थांबवा. मला उतरायचंय.”

“फाट्यावर कुठे उतरतेस?” कान्हा म्हणाला. “पुढे घेतो बाजूला.”

“आत्ता.”

गुणाजी उतरला, त्याने सीटचा खटका ओढला. सीट हलली नाही. “नवीन आहे, जरा टाइट आहे.” त्याने पुन्हा ओढला. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. मी मंजूला मांडीवर पालथी धरली, बोट घालून तिचं तोंड मोकळं केलं. ती रडली तेव्हा माझा जीव परत आला. खटका सुटला तो त्यानंतर.

“बघा, सुटला,” गुणाजी म्हणाला.

टिटवाळ्याला देवळाबाहेर कान्हाने झेंडूचा हार घेऊन गार्डला बांधला. कॅमेरा काढला. सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं.

“लाव गो.”

“लावते,” मी कान्हाला म्हणाले. “आधी तुम्ही मागे बसा, मंजूला मांडीवर घेऊन. मी दार लावते. मी हाक मारली की तिला झटका आलाय असं समजा आणि बाहेर या. आलात की लावते.”

“लोक बघतायत, शीला.”

“बघू देत.”

“शिकलेल्या बायकांचं असंच,” गुणाजी म्हणाला. “आमची सुमती कधी तोंड उघडत नाही.”

“जाऊबाईंना मागे बसवलंत का कधी?”

कान्हा रागारागाने मागे शिरला. मी मंजूला त्याच्याकडे दिलं, दार लावलं, आणि हाक मारली. तो सीटवरून वाकून खटका चाचपू लागला. मांडीवर पोर असल्यामुळे हात पोचेना. मंजू रडायला लागली. त्याने काचेवर थाप मारली. काच कुठली उघडायला. शेवटी गुणाजीने दार उघडून बाहेरून खटका ओढला, आणि तो पुन्हा अडकला. कान्हा बाहेर आला तो कपाळ आपटून. मंजूची एक चप्पल आतच राहिली.

“झालं समाधान?” तो म्हणाला. त्याचा राग गाडीवर नव्हता, माझ्यावर होता.

“नाही.”

“जाऊ दे रे,” गुणाजी म्हणाला. “कुंकवाचं काय, मी लावतो.” आणि त्याने ताटात अंगठा बुडवला.

सासूबाईंनी त्याचं मनगट धरून ताटातून बाहेर काढलं. “हात कार.”

“मामी, जुन्या गोष्टी आहेत या.”

“जुन्याच. तेच्यावरच आमाला हितवर आनलास ना तू?”

त्याने अंगठा ताटाच्या कडेला पुसला. मला वाटलं त्या माझ्या बाजूच्या झाल्या. पण त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, “तुला माज आलाय.” मग नारळ पदराखाली धरून दर्शनाला निघून गेल्या.

परत येताना कान्हाने गार्डचा हार काढला नाही. कॅसेट कोणी लावली नाही. मी मागेच बसले, ताट हाताने झाकून. वाटेतल्या धक्क्यांनी सुद्धा चिमूटभर कुंकू गाडीत सांडू दिलं नाही. नाहीतर तेवढ्यावरही गुणाजीने सौदा पक्का केला असता.

कुंकू मी लावलं ते दिवाळीच्या सुमारास, चार दरवाज्यांच्या पांढऱ्या गाडीला. पिवळी गुणाजीकडे परत गेली; ही दुसऱ्याच माणसाकडून घेतली. कान्हाने त्या दिवशी कॅमेरा काढला नाही. किल्ली माझ्यापुढे ठेवून तो टेम्पो धुवायला गेला.

मी मागचं दार उघडलं. मंजूला कडेवर घेऊन आत बसले, उतरले. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या.

“झालं का तुजं?”

“दुसऱ्या बाजूचं राहिलंय,” मी म्हणाले.