बाईंचा खड्डा

जिल्हा परिषदेचं पत्रक निघालं : शाळेत खड्डा खणा, पालकांकडून घरचा कचरा गोळा करा, त्याच्या खतावर लिंब, करंज, हिवर अशी गावातलीच झाडं वाढवा. पत्रक काढणाऱ्याचं काय जातंय! खड्डा पोरांनी हौसेनं खणला. तो भरायची पाळी मात्र शाळेच्या अंबिकाबाईंवर आली.

शिक्षणखात्याचे साहेब खड्ड्याच्या पाहणीला येणार होते, आणि बाईंच्या बदलीच्या अर्जाला शिफारस त्यांचीच लागणार होती. नवरा पूर्ण्याला रेल्वेत, लहानगी लेक सासूपाशी. मानवतच्याही पुढच्या या गावातून रविवारी घर गाठता गाठता जीव मेटाकुटीला यायचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद असला की एस.टी.च नसायची. मागच्या खेपेला लेक आजीला आई म्हणाली होती. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शाळा सुटली की बाई दारोदार फिरायच्या. पाय भरून यायचे, घसा बसायचा, पदरात काही पडायचं नाही.

“कचरा कुठला द्यावा, बाई?” मालनबाई म्हणाली. तिची नातवंडं शाळेत होती. “उष्टं म्हशीला जातंय, राख भांड्याला, चिंध्या गोधडीला. काडीकचरा, शेण उकिरड्यावर, अन् त्याचं खत रानात. फेकायला हाय काय आमच्यापाशी?”

रोपांसाठी रिकामी डबडी मागितली, तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गावातल्या प्रत्येक डबड्याला सकाळची नेमणूक होती.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी मालनबाईच्या ओसरीवर बाईंना रडूच कोसळलं. त्यांनी बदलीचं, लेकीचं, सगळं सांगून टाकलं.

“लेकरू तुटायलंय म्हना की,” मालनबाई म्हणाली. “कामून जीव जाळायलात? आमी हाव ना.”

सकाळी बघतात तर खड्डा काठोकाठ भरलेला. घरोघरच्या बायकांनी आपापला उकिरडा उपसून पाट्या आणून ओतल्या होत्या. पेरणीआधी रानात पडायचं खत ते.

“अहो, हे तुमच्या रानाचं!” बाई कळवळल्या.

“रान कुठं पळून जायलंय?”

साहेबांनी काळंभोर खत मुठीत घेतलं. “दोन महिन्यांत इतकं मुरलं? वा!” मागं बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

मग वर्गात बसून, चहा पिऊन साहेब म्हणाले, “बाई, बदलीचं आता डोक्यातून काढा. हे गाव आपण जिल्ह्याला दाखवू. असं काम टाकून तुम्हाला कसं जाऊ देणार?”

खरं सांगावं तर खड्डा रिकामा ठरणार, आणि रिकाम्या खड्ड्यावर शिफारस नव्हतीच. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंना भयंकर राग आला होता, पण तो काढायचा कुणावर?

जीप गेली. साहेब हसत हसत गेलेले बायकांनी पाहिलं होतं. तेवढ्यावरून काम फत्ते झालं असं त्यांनी धरलं. मालनबाईनं शाळेच्या पडवीतच पाट मांडला. तिच्या ताटात तांदूळ होते, नारळ होता, खण होता.

“बसा. लेकीकडं रिकाम्या वटीनं जाऊ न्हाई.”

“मालनबाई, अहो, ऐका तरी...”

“काई बोलू नका आता. आमालाबी लय जड जायलंय.” तिनं डोळे पुसले. बाकीच्याही पुसत होत्या.

यंदा यांच्या रानात खत पडणार नव्हतं. ते खत फुकट गेलं, हे बाईंना काही केल्या सांगवेना. त्या पाटावर बसल्या आणि त्यांनी पदर पसरला.