कटिंग मशीनवरचं नाव

“खोड ते,” ती म्हणाली.

बाइंडरने मशीनच्या पत्र्यावर पेन्सिलने ‘मा’ काढलं होतं. ‘वशी’ व्हायचं होतं. गुडघे टेकून बसलेल्या त्या म्हाताऱ्याने मान वळवली.

“अगं, मॅनेजरसाहेबांनीच सांगितलंय. मावशी लिही म्हणून.”

“मशीन माझं की साहेबांचं?”

या छापखान्यात जुनी रीत होती. माणूस निवृत्त झालं की त्याचं टोपणनाव त्याच्या मशीनवर रंगवायचं. घड्या घालणारं मशीन ‘गप्पिष्ट’ होतं, शिलाईचं ‘घोडा’. नवी माणसंही “घोड्यावर पुस्तकांचे दोन हजार फर्मे चढवलेत” असं सहज बोलत; घोडा कोण होता हे त्यांना ठाऊकही नसे. आज तिची पाळी होती. वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या, चहा आला होता.

नावांची तिला ददात नव्हती. लहानपणी आई तिला काडी म्हणायची. अंगावर मांस म्हणून नव्हतं. शाळेत ती पणबाई झाली. कुठल्याही प्रश्नावर तिचं उत्तर ‘पण’पासून सुरू व्हायचं आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, “बोला पणबाई, आज काय बिघडलंय?” सासरी पहिल्याच आठवड्यात सासूने बर्फाची लादी ठरवून टाकलं. पाठवणीच्या वेळी सून रडली नाही, एवढंच कारण. नवरा तिला हेडमास्तर म्हणायचा. तो गेल्यापासून ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं.

आणि मावशी? केस पांढरे झाले तसं ते आपोआप येऊन चिकटलं. त्यासाठी तिने काहीही केलेलं नव्हतं.

“मग काय लिहू?” बाइंडरने विचारलं.

“आडमुठी.”

बाइंडरच्या हातातली पेन्सिल थांबली. ते नाव तिला पडलं तेव्हा तो तिथेच होता.

कागदाचे गठ्ठे कापणाऱ्या तिच्या या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे पातं पडताना दोन्ही हात बाहेर. तिला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी डाव्या बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. डावा हात मोकळा राहतो, गठ्ठा धरता येतो, काम झपाझप होतं. एके दुपारी पात्याने त्या हाताची दोन बोटं नेली. महिन्याभराने ते परतले तेव्हा सगळे त्यांना तीनबोट्या म्हणू लागले. उस्ताद स्वतःही हसायचे. तिला मात्र कधी हसता आलं नाही.

मशीन तिच्याकडे आलं. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम होता. फोरमनने चिकटपट्टीचं रीळ आणून समोर ठेवलं. तिने ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पुढची सगळी मशीनं तिच्या गठ्ठ्यांसाठी ताटकळली, मुदत टळली, मोठं गिऱ्हाईक तुटलं. “आडमुठी आहेस तू, आडमुठी!” फोरमन ओरडला आणि सुट्टीच्या वेळेपर्यंत ते नाव फाटकाबाहेर पोचलं. पुढे कितीतरी दिवस डबा खाताना तिच्या शेजारची जागा रिकामी असायची. बाइंडरसुद्धा पलीकडे बसायचा.

घरी तिने सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला होता, “बाकीची सगळी फुकटात मिळाली, हेडमास्तर. हे एकच कमावलंस.”

मॅनेजर घाईने आत आला. “मावशी, चला की! सगळे खोळंबलेत.” मग त्याचं लक्ष पत्र्याकडे गेलं. “हे काय चाललंय?”

“आडमुठी लिही म्हणतेय,” बाइंडर म्हणाला.

“छे छे! बाहेरची माणसं येतात इथे. शिवी कशाला लिहायची? आणि मावशी, आम्ही सगळे तुम्हाला किती मानतो.”

“मानता ना? मग हे बघा.” तिने मूठ उघडली. आत चोळामोळा झालेली चिकटपट्टी होती. “सकाळी डाव्या बटणावर होती.”

शेजारी उभ्या नव्या कटरने नजर चुकवली. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. कालपासून तिच्या हाताखाली होता.

“एका हाताने गठ्ठा धरला की भराभर होतं हो, मावशी,” तो पुटपुटला.

“होतं ना. उस्तादांचंही व्हायचं.” ती मॅनेजरकडे वळली. “मावशी लिहिलंत तर हा मावशीला लाडीगोडी लावून उद्या परत पट्टी चिकटवेल. मावशी काय, चालवून घेते. आडमुठीला चिकटवून दाखव म्हणावं.”

“मी पुसायला लावीन,” मॅनेजर म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

“लावा. पुसणाऱ्याला कारण तुम्हालाच सांगावं लागेल.”

तिने बाइंडरसमोर हात पुढे केला. म्हाताऱ्याने क्षणभर मॅनेजरकडे पाहिलं आणि ब्रश तिच्या हातात दिला. “रंगाचा डबा मी धरतो,” तो म्हणाला.

तिला अक्षरं रंगवायची सवय नव्हती. ‘ड’ फुगला, ‘मु’चा उकार खाली घसरला, ‘ठी’साठी जागा कमी पडली तसं ते अक्षर जरासं वर चढलं. पण लांबूनही वाचता येत होतं. मॅनेजर जिना चढून गेला.

“आता चल,” बाइंडर म्हणाला. “वर वाट बघतायत.”

“रंग वाळायला किती वेळ लागेल?”

“ऑइलपेंट आहे बाई. संध्याकाळ होईल.”

तिने कोऱ्या कागदाची दोन रिमं एकावर एक ठेवली आणि पत्र्याला पाठ लागणार नाही इतक्या अंतरावर बसली. वर हॉलमध्ये माईक खरखरला आणि कोणीतरी आपल्या लाडक्या मावशींबद्दल बोलायला लागलं. ती ताठ बसून राहिली, दहाही बोटं गुडघ्यांवर पसरून.