बरणीतला स्वेटर

आई गेली त्या महिन्यात बाबांना सर्दी झाली. सर्दी गेली, नाक बंदच राहिलं. जेवताना घास चावायचा की श्वास घ्यायचा, अशा पेचात ते पडायचे. सुतार माणूस, रंधा मारताना तोंड उघडं, त्यामुळे निम्मा भुसा पोटात.

आत्या म्हणाली, "दादा, जन्मभर नाकावर माशी बसू दिली नाहीस. आता हवाही यायला घाबरते बघ."

बाबा हसले नाहीत. ते फडताळातल्या काचेच्या बरणीकडे पाहत होते. तिच्यात आईचा न धुतलेला राखाडी स्वेटर होता. प्रयोगशाळेत वापरतात तसल्या घट्ट रबरी झाकणाच्या बरणीत तो मीच ठेवला होता. नाक सुटेपर्यंत ती उघडायची नाही, असं बाबांनी ठरवलं होतं.

"उघडली की थोडा वास उडणार," ते म्हणायचे. "मला तर काही कळणारच नाही. फुकट कशाला घालवू तिला?"

त्यांच्या खिशातली नाकात घालायच्या थेंबांची बाटली माझ्या लक्षात यायला उशीरच झाला.

"हे किती दिवस घालताय?"

"घातलं की लगेच मोकळं होतं गं. मग पुन्हा चोंदतं."

बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : मोजकेच दिवस वापरावे. बाबा महिनोन् महिने वापरत होते. या थेंबांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वाट मोकळी होते. असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, हे मी त्यांना समजावलं.

"म्हणजे उघडतोय तोच आणि बंद करतोय तोच?" बाबांनी बाटलीकडे पाहिलं. "आणि मी त्याला छातीशी धरून फिरतोय."

नाकाच्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करायचे, ती सुटली की दुसरीतले. सूज उतरायला वेगळा फवारा दिला. बाबा खुर्चीत उशी टेकून बसल्या बसल्या झोपू लागले.

"थेंब दे, नाहीतर नाक कापून घे!"

"देते. पण डावीकडेच."

आधी उजवी सुटली, पुढे डावीही. एका सकाळी फळी तासताना ते मध्येच थांबले. तोंड मिटलेलं होतं.

"ओलं आहे हे लाकूड. लबाडानं सुकं म्हणून गळ्यात मारलं!" इतक्या आनंदानं फसवणुकीची तक्रार मी कधी ऐकली नव्हती.

त्यांनी हात धुतले, भांग पाडला आणि बरणी उघडली. लोकरीत नाक खुपसून बराच वेळ थांबले.

"रबराचा वास येतोय. झाकणाचा. बाकी काही नाही." त्यांनी नाक चोळलं. "अजून सुटलं नाही गं."

मी स्वेटर उचलला. बरणीच्या तळाशी कापडी पुडी होती. कुबट वास धरू नये म्हणून मीच घातलेला कोळसा. वास शोषताना तो कुबट कोणता आणि आईचा कोणता, हे बघत नाही. रसायनशास्त्राच्या परीक्षेत यावर मला पैकीच्या पैकी गुण होते.

नाकालाच दोष देऊन सुटता आलं असतं.

"नाक बरं आहे, बाबा. वास या पुडीनं ओढून घेतला. मीच ठेवली होती."

त्यांनी पुडी हातात घेतली, हुंगली. "म्हणजे ह्यात आहे?"

"असेल बराचसा. पण कोळसा तो सोडत नाही. खूप तापवलं तर सुटेल, पण तेव्हा तो तिचा उरेल की नाही…"

"तापवायचं कशाला?"

खिशात सवयीनं राहिलेली बाटली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. तिच्या जागी पुडी घातली, बटण लावलं आणि तोंड मिटून एक लांब श्वास घेतला.