बारा दहाची पॅसेंजर

सुशांत परबाला रेल्वेत लागून चौदा वर्षं झाली होती आणि त्यातली नऊ तो कीमॅन म्हणून रूळ चालत होता. खांद्यावर हातोडा नि पाना, पिशवीत लाल-हिरवे बावटे, आणि पायाखाली रोजचे सहा किलोमीटर. कुठे रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली तर ठोकायची, रुळाला चीर दिसली तर गाडी थांबवायची. त्या सहा किलोमीटरांत त्याची स्वतःची वाडीही येत होती.

रेल्वे आली तेव्हा वाडीचे दोन तुकडे झाले होते. घरं वर राहिली, शेतं खाली गेली. शेतात जायला रुळाखालून बोगदा ठेवला होता, पण तो दीड किलोमीटर आडवाटेला, आणि दिवाळी उलटली तरी त्यात गुडघाभर पाणी. तेव्हा माणसं डोंगर कापून केलेल्या कटिंगच्या तोंडाशी, अगदी वळणावर, रूळ ओलांडायची. तिथे गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नसे. पण भीती कुणाला नव्हती, कारण गाड्यांच्या वेळा वाडीला तोंडपाठ होत्या. कागदावरच्या नव्हेत, खऱ्या. दुपारची पॅसेंजर कागदावर बारा दहाची, पण एकच्या आत ती आलेली कुणी पाहिली नव्हती. एकेरी रूळ, समोरून एक्स्प्रेस आली की हिला कुठेतरी बाजूला काढून ठेवायचे. त्यामुळे बारा ते एक रूळ मोकळे, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगे.

सुशांतला मात्र हे झोंबायचं. पारावर बसला की कुणीतरी हमखास विचारी, "काय रे, तुझी गाडी इली, की वाटेत पानसुपारी खाता?" तो हसण्यावारी नेई, पण मनाला ते खात राही. म्हणून गेल्या दोन वर्षांत जी कामं निघाली, त्यांत तो जीव ओतून राबला. स्टेशनातला बाजूचा रूळ लांब झाला. विजेचं इंजिन आलं. जुन्यासारखं ते कोसभर आधी धडधडत नसे. वळणावर पूर्वी गाडी हळू न्यावी लागे, तिथली खडी त्यांच्या गँगने भर उन्हात बदलली आणि ती अटही उठली. पावसाळी वेळापत्रक संपून नवं लागायचं होतं आणि यंदा ते पाळलं जाणार हे सुशांतला दिसत होतं.

सप्टेंबरात साहेब ट्रॉलीवरून पाहणीला आले, तेव्हा वळणावर सुशांतने धीर करून विषय काढला.

"साहेब, इथून माणसं ओलांडतात. आता गाड्या जोरात येणार. पायऱ्या आणि वरून एखादा पूल झाला तर..."

"ओलांडणं हा गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नाही?" साहेब वहीतून मान न काढता म्हणाले. "बोर्ड लावून टाका."

बोर्ड लागला. रूळ ओलांडणे गुन्हा आहे, असं त्यावर तीन भाषांत होतं. गाडी आता वेळेवर येईल, असं कुठल्याच भाषेत नव्हतं.

म्हणून नवं वेळापत्रक लागायच्या आदल्या संध्याकाळी सुशांत स्वतःच घरोघर फिरला. शेवटी गणपतकाकाच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आला. गणपत परब त्याचा सख्खा चुलता. कृष्णाबाई काकी पायरीवर कुळीथ पाखडत बसली होती. साठी उलटलेली, माहेर धामापूरचं, डाव्या कानाने जरा कमी ऐकणारी. उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताची कापणी सुरू होती, आणि दुपारचं जेवण डोक्यावर घेऊन रोज तीच खाली जाई.

"काकी, उद्यापासना पॅसेंजर टायमार येतली हा," तो मोठ्याने म्हणाला. "बारा दहाक. जाताना सांभाळून जा."

"रूळ पडले तेवापासून ह्याच आयकतंय रे मी," काकी सूप न थांबवता म्हणाली. "तुझी गाडी टायमार इली ना, तर मी तिका ओवाळतलंय."

सुशांतला हसू आलं. काकीही हसली. "बरां तर, ताट तयार ठेव," असं म्हणून तो घरी गेला. आणखी एकदा, नीट, खाली बसून सांगावं असं त्याच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला तो वळणाच्या अलीकडे पाव किलोमीटरवर होता. रुळाची बारीक थरथर त्याला तळव्यांना कळली. त्याने घड्याळ पाहिलं. बारा वाजून आठ मिनिटं. त्याचा ऊर भरून आला. तो बाजूला खडीखाली उतरला आणि नियमाप्रमाणे चाकांकडे बघत उभा राहिला. गाडी सरसर निघून गेली. इंजिनातल्या ड्रायव्हरने हात वर केला, सुशांतनेही केला.

मग वळणाआडून हॉर्न वाजला. लांब, न तुटता. त्यामागून ब्रेकचा आवाज.

तो धावला. हातोडा कुठे टाकला हे त्याला नंतरही आठवलं नाही.

गाडी पुढे जाऊन थांबली होती. खिडक्यांतून माणसं डोकावत होती. ड्रायव्हर, तिशीचा असेल, खडीवर उकिडवा बसून एकच वाक्य म्हणत होता, "मी हॉर्न दिला हो, मी हॉर्न दिला." सुशांतने डोक्याचा टॉवेल सोडला आणि काकीच्या तोंडावर घातला. झाकण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

गाडी मध्येच का थांबली म्हणून गणपतकाका शेतातून वर चढत आला. हातात विळा तसाच होता. त्याने टॉवेलाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"किती वाजले रे?"

"सव्वाबारा, काका."

"नाय रे. पॅसेंजर ही. एक वाजले असतले." त्याने सूर्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाला, "एक वाजले असतले."

आठवड्याने सुशांतला जबाबासाठी ऑफिसात बोलावलं. साहेबांचा आवाज त्या दिवशी मऊ होता.

"तू सूचना दिली होतीस ना?"

"दिली होती, साहेब. पण ती हसली. मीपण हसलो. तिला ते खरं वाटलंच नाही."

"हसलो वगैरे कशाला लिहायचं? सूचना दिली होती, बोर्ड होता, तरीही ओलांडलं. एवढंच लिही. तुझ्यावर काही येणार नाही."

सुशांतने तेवढंच लिहिलं आणि सही केली. भिंतीवर गाड्यांच्या वेळांचा महिन्याचा तक्ता होता. एका दिवसासमोर लाल शाईत चौतीस मिनिटं उशीर मांडला होता. बाकी सगळं हिरवं.

बाराव्याचं जेवण झाल्यावर माणसं पांगली. सुशांत काकाजवळ जाऊन बसला नि काय लिहून दिलं ते त्याने सांगितलं. काका मारील, हाकलून देईल, काहीतरी करील असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"तू सांगलंस, ता माका ठावक आसा," काका म्हणाला. "मी माजघरात होतंय. मीय हसलंय." मग म्हणाला, "तू आता घराक जा."

काका त्यानंतर खाली उतरला नाही. उरलेलं भात उभंच राहिलं, दाणे गळले, डुकरांनी शेत नांगरल्यासारखं केलं. तारकर्लीला दिलेली मुलगी अपेक्षा येऊन त्याला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

वाडीतली बाकीची माणसं काही दिवस बोगद्यातून गेली. पाण्यात पाय घालून, ओझी डोक्यावर घेऊन, कोसभराचा फेरा करत. डिसेंबरात चार बाया पुन्हा वळणावर दिसू लागल्या. उतरण्याआधी त्या थांबून कान देत.

सुशांतने आपला चालायचा पट्टा, म्हणजे बीट, बदलून मागितलं. जानेवारीत ते मिळालं, नदीपलीकडचं. तिकडे रुळाच्या दोन्ही अंगांना रान आहे, वाडी नाही. त्याच्या जागी घाटावरचा एक नवा कीमॅन आला. त्याला वाडीत कुणी ओळखत नाही.