मथुराबाईंच्या आवाजाची पानं

बार्शीच्या दवाखान्यात मथुराबाईंचं स्वरयंत्र काढून झालं होतं, आणि इकडं परंड्याच्या घरात सुगत कपाळाला हात लावून बसला होता. आईच्या आवाजाची फाइल उघडली, तर तासाभराचं रेकॉर्डिंग मुकं.

घशात कॅन्सर निघाला तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज जाईल. सुगतनं तोड काढली. ऑपरेशनआधी आईचं बोलणं साठवायचं, म्हणजे पुढं ती मोबाइलवर लिहील आणि मोबाइल तिच्याच आवाजात बोलेल. विहारात इतकी वर्षं वंदना सांगणारा तो आवाज. एवढ्याच आशेवर मथुराबाई ऑपरेशनला तयार झाल्या होत्या. "माझ्या मोबाइलवरबी घेऊ," असं बायको, गौरी, म्हणत होती. पण दुसऱ्याच्या यंत्रावर भरवसा ठेवील तो सुगत कसला! पुण्याच्या कंपनीत तो ड्रायव्हर लिहायचा, यंत्राचे सुटे भाग चालवणारे प्रोग्राम. त्यानं स्वतःची पेटी, म्हणजे छोटा संगणक, जोडली, माइकसाठी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. अतिशहाणपणा नडतो तो असा.

चूक लगेच सापडली. यंत्राची मेमरी सारख्या आकाराच्या पानांत वाटलेली असते. ड्रायव्हरनं कर्नलकडून, म्हणजे यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याकडून, पानं मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची. सुगतच्या ड्रायव्हरनं आईचा आवाज पानांवर घेतला आणि तो फाइलमध्ये जायच्या आधीच पानं परत करून टाकली.

आवाज अजून तिथं असू शकत होता. वीज चालू आहे तोवर पानांवरचं टिकतं, आणि परत आलेली पानं कर्नल लगेच पुसत नाही. पण मागेल त्याला देऊन टाकतो, आणि घेणारा त्यावर आपलं लिहितो. म्हणजे आवाज शोधायला प्रोग्राम चालवावा, तर तोही आईचीच पानं खाणार. रेकॉर्डिंग झाल्यापासून पेटी चालूच होती, आणि दिवसभर सगळे दवाखान्यात असताना पेटीनं आपली आपण अपडेट उतरवून घेतली होती. त्या अपडेटनं किती पानं खाल्ली, कुणास ठाऊक.

वडील, नानासाहेब, दारातून बघत होते. "बंद करून चालू कर की. आपला टीव्ही तसाच सुधारतो," म्हणत त्यांनी बटणाकडं हात नेला.

"नाना, हात लावू नका!" सुगत असा ओरडला की म्हातारा भिंतीला टेकला. "वीज गेली की आई गेली!"

काय बोलून बसलो हे कळून त्याला रडू फुटलं. नानासाहेब वायरला कुणाचा पाय लागू नये म्हणून तिच्याजवळच खाली बसले.

सुगतनं जमेल तितका छोटा प्रोग्राम लिहिला आणि उरलेली मेमरी वायरीतून लॅपटॉपवर ओढायला घेतली. मग एकेक पान चाळू लागला. अपडेटचा कचरा. पुन्हा कचरा. वंदनेचा एक शब्द सापडेना. शेवटी एका जागी सलग काही पानं शाबूत निघाली. त्यानं आवाज मोठा केला.

"बोल आई, बिनधास्त बोल. सगळं सांभाळून ठेवतोय मी."

त्याचाच आवाज होता, अगदी स्वच्छ. त्यामागून मथुराबाईंचा "बरं", आणि खरखर.

पुढं काहीच नव्हतं.

"परत लाव," नानासाहेब म्हणाले. त्यानं लावलं. "परत."

तेवढ्यात दवाखान्यातून गौरीचा फोन आला. सुगतनं तो स्पीकरवर घेतला. "आई शुद्धीवर आल्यात. गळ्याला हात लावून खुणेनं इचारतायत, आवाज नीट आलाय का म्हणून. काय सांगू?"

नानासाहेबांनी फोन त्याच्या हातून घेतला.

"आलाय म्हणावं. लई झ्याक आलाय."

फोन ठेवून त्यांनी लेकाकडं पाहिलं.

"आता जा, आन् खरं काय ते तूच सांग तिला. मला न्हाय जमायचं."