पाण्याचा एक हबका

सुताला पाणी पाजलं की ते तुटत नाही, हे नूर मोहम्मद चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता. सुतावर पाण्याचा हबका मारल्याशिवाय कामतघरच्या त्याच्या कारखान्यात लूम चालू व्हायचे नाहीत. आता बारापैकी दोनच लूम चालत होते आणि बाकीचे भंगारात काढायचे ठरत होते. पण सवय थोडीच भंगारात निघते.

त्याची मुलगी उज्मा इंजिनिअर. तिने त्या दोन लूमवर तागाचं कापड विणून घेतलं. त्याचे थर रेझीन हा चिकट द्रव लावून गरम प्रेसमध्ये दाबले की लाकडाला लाजवेल अशी फळी होते. पूर्णा गावच्या गोदामवाल्या हरेशशेठना माल ठेवायला प्लास्टिकऐवजी अशा फळ्या हव्या होत्या. शुक्रवारी ते नमुना बघणार होते. तो पसंत पडला तर बाराही लूम धडधडणार, नाहीतर शनिवारी भंगारवाल्याचा ट्रक दारात उभा राहणार.

आणि फळी तीन वेळा पुरीसारखी टम्म फुगली. रेझीनच खराब म्हणून उज्माने फोनवर रेझीनवाल्याला चांगलंच फैलावर घेतलं. गुरुवारी मात्र तिचा धीर सुटला.

"अब्बा, माझंच शिक्षण कच्चं. विकून टाका लूम."

नूर मोहम्मदने लेकीचे भरलेले डोळे पुसले. त्याने चाचरत विचारलं, "बेटा, या कापडाला पाणी किती लागतं?"

"पाणी? मी ते भट्टीत सुकवून ठेवते. थेंबभर ओल राहिली तरी प्रेसमध्ये वाफ होते आणि फळी फुगते."

नूर मोहम्मद मटकन स्टुलावर बसला.

"मग ती मीच फुगवली. तू सुकवून ठेवतेस, मी सकाळी येऊन हबका मारतो. इतकं कोरडं कापड मला बघवतच न्हाय."

 उज्माला हसू आवरेना. हसून झाल्यावर तिने आधी रेझीनवाल्याची माफी मागितली आणि मग बापाच्या हातातली हबका मारायची पाण्याची बाटली काढून घेतली.

शुक्रवारी हरेशशेठनी कोरड्या कापडाची रातोरात दाबलेली नवी फळी दोन स्टुलांवर आडवी टाकली आणि स्वतःच वर चढले. शेठचं वजन चांगलं शंभराच्या पुढचं, तरी फळी कुरकुरली नाही. ते दोन उड्या मारून घाम पुसत खाली उतरले.

"नूरभाई, बाराही लूम लावा. आणि जरा पाणी द्या प्यायला."

नूर मोहम्मदने त्यांचा दंड धरून त्यांना सरळ दाराबाहेर नेलं.

"पाणी इथे प्या, शेठ. आत थेंब आणायची मला बंदी हाय."